दोघं, एक तळघर आणि आठ ट्रॅक: ‘ब्लॅक कीज’चा घरी रेकॉर्ड केलेला ब्लूज

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचं शहर आहे. डिसेंबर २००२ मध्ये तिथल्या एका घराच्या तळघरात विशी ओलांडलेले दोन तरुण अल्बम रेकॉर्ड करायला बसले. एकाच्या हातात गिटार, दुसरा ड्रमवर. बास गिटार वाजवायला कोणी नाही, कीबोर्ड नाही, भाड्याचा स्टुडिओ नाही, काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट नाही. अल्बमचा बहुतेक भाग चौदा तासांच्या एकाच बैठकीत टेपवर उतरला. एप्रिल २००३ मध्ये तो ‘थिकफ्रीकनेस’ या नावाने बाजारात आला. गिटार आणि गाणं डॅन ऑअरबाखचं, ड्रम आणि रेकॉर्डिंगची बाजू पॅट्रिक कार्नीची. बँडचं नाव ‘द ब्लॅक कीज’.

अशा अल्बमला ‘रांगडा’, ‘कच्चा’, ‘अस्सल’ अशी विशेषणं लावून विषय संपवण्याची पद्धत आहे. त्यातून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. आवाज असा का येतो, बास नसूनही पोकळी का जाणवत नाही, ओहायोतल्या गोऱ्या मुलांनी मिसिसिपीच्या खेड्यातलं संगीत का उचललं आणि त्याचे पैसे कोणाला मिळाले, या प्रश्नांना नेमकी उत्तरं आहेत. साधनं कमी होती तरी अल्बम चांगला झाला, असं साधारण सांगितलं जातं. मला ते उलट वाटतं. त्यांनी जे संगीत निवडलं ते मुळातच एका खोलीत, मोजक्या वाद्यांवर आणि थोड्या स्वरांवर उभं राहिलेलं होतं. तळघर त्या संगीताला अपुरं पडलंच नाही.

ब्लूज, पण कुठला?

ब्लूज म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शिकागोचा ब्लूज येतो. मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरू लागला. तिथे शिकागोचा ब्लूज गिटारवादक बडी गाय याला प्रत्यक्ष ऐकलेले अनेक मराठी श्रोते आहेत. त्यांनी ऐकलेला ब्लूज बहुतांशी याच घराण्याचा. त्याचा साचा समजून घेतला की पुढचं सोपं जातं.

तीन किंवा जास्त स्वर एकत्र वाजले की कॉर्ड होते. शिकागो ब्लूजचा नेहमीचा साचा बारा बारांचा असतो आणि एका बारमध्ये चार ठोके. पहिले चार बार ‘सा’वरच्या कॉर्डचे, पुढचे दोन ‘म’चे, परत दोन ‘सा’चे, मग एक ‘प’चा, एक ‘म’चा आणि शेवटचे दोन पुन्हा ‘सा’चे. त्यावर गायक एक ओळ म्हणतो, तीच परत म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत उत्तर देतो. अठ्ठेचाळीस ठोक्यांचं आवर्तन संपलं की पुन्हा पहिल्यापासून. रॉक अँड रोलची शेकडो गाणी याच साच्यातून निघाली.

दुसरी गोष्ट गंधाराची. ब्लूजचा गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. दोन्हींच्या मधे कुठेतरी तो हलत राहतो. गिटारवर तार ओढून तो काढता येतो, पियानोवर काढता येत नाही. मींड ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. पाश्चात्त्य संगीतशास्त्राला मात्र हा स्वर कागदावर कसा मांडावा याचा पेच बराच काळ पडला होता.

आता मिसिसिपी राज्याच्या उत्तरेला जाऊ. नदीकाठचा सपाट, कापसाचा डेल्टा संपला की पूर्वेला टेकड्यांचा मुलूख लागतो. होली स्प्रिंग्ज, कोमो, सेनाटोबिया ही तिथली गावं. या भागात ब्लूजची वेगळीच चाल टिकून राहिली. तिला हिल कंट्री ब्लूज म्हणतात. इथे बारा बारांचा हिशोब फारसा नसतो. कित्येक गाण्यांत कॉर्ड बदलतच नाही. तानपुरा चालू असताना गवई जसा त्याच्या षड्जाच्या आधाराने फिरतो, तसा इथला गायक गिटारच्या जाड तारेवर सतत घुमणाऱ्या एका स्वराभोवती फिरतो. वर बारीक तारांवर चार-सहा स्वरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. त्याला रिफ म्हणतात. ओळ कधी संपवायची, पुढची कधी उचलायची हे गायक ठरवतो. ड्रमवाल्याने मोजत बसायचं नसतं, गायकाकडे कान ठेवायचा असतो.

असं संगीत का घडलं? कारण ते नाचासाठी होतं. आठवडाभर शेतात राबलेली माणसं शनिवारी-रविवारी रात्री ज्या साध्या पत्र्या-लाकडाच्या जागांत जमत, त्यांना जूक जॉइंट म्हणत. तिथे एकेक गाणं दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी चालायचं. नाच थांबू नये, एवढीच अट.

या मुलखाचा पाया ढोलाचा आहे. बासरीसारखं वेळूचं वाद्य आणि सोबत मोठे ढोल अशा टोळ्या इथल्या काळ्या शेतकऱ्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या ढोलांवर अनेक ठिकाणी बंदी होती. दक्षिण कॅरोलायनाचा १७४० चा कायदा त्याचं ठळक उदाहरण. तरीही उत्तर मिसिसिपीत ही परंपरा इतकी जिवंत राहिली की लोकसंगीताचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स याला १९४२ मध्ये सिड हेम्फिलच्या टोळीचं वादन ध्वनिमुद्रित करता आलं. तिचा शेवटचा मोठा वादक ओथा टर्नर फेब्रुवारी २००३ मध्ये गेला. ‘थिकफ्रीकनेस’ त्यानंतर काही आठवड्यांत प्रसिद्ध झाला. हिल कंट्री ब्लूजमध्ये गिटारसुद्धा ढोलासारखी वाजते ती यामुळे. केवळ गिटार आणि ड्रम एवढ्यावर हे संगीत पूर्ण वाटतं, त्याचं कारणही इथेच सापडतं.

ज्युनियर किंबरो

ब्लॅक कीजच्या मागे उभा असलेला माणूस म्हणजे ज्युनियर किंबरो. जन्म १९३०. चुलाहोमा गावाजवळ त्याचा स्वतःचा जूक जॉइंट होता आणि रविवारी रात्री तो तिथे वाजवायचा. एखाददुसरी सुटी तबकडी सोडली तर आयुष्याची साठ वर्षं त्याच्या नावावर अल्बम नव्हता. १९९१ मध्ये मिसिसिपीत फॅट पॉसम नावाचं छोटं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, निघालं. या भागातले वयस्क ब्लूज कलाकार जिवंत आहेत, वाजवताहेत आणि त्यांना कोणी रेकॉर्ड करत नाही, हे त्याच्या चालकांच्या लक्षात आलं होतं. १९९२ मध्ये किंबरोचा ‘ऑल नाइट लाँग’ निघाला. निर्मिती संगीतसमीक्षक रॉबर्ट पामरची.

तो अल्बम स्टुडिओत झालेला नाही. किंबरोच्या जूक जॉइंटमध्येच यंत्रं लावली आणि बँडने एकत्र बसून वाजवलं. ज्या भिंतींमध्ये ते संगीत दर आठवड्याला वाजायचं त्याच भिंतींमध्ये ते टेपवर गेलं. ऑअरबाखने ज्या रेकॉर्ड ऐकून आपली गिटार घडवली, त्यांतली ही महत्त्वाची. आपल्याच जागेत रेकॉर्ड करणं हे त्याच्या दृष्टीने तडजोडीचं नव्हतं, त्याच्या आवडत्या रेकॉर्डचा आवाजच तसा होता.

किंबरो १९९८ मध्ये वारला. २००० मध्ये त्याचा जूक जॉइंट आगीत गेला. ब्लॅक कीजच्या मे २००२ मधल्या पहिल्या अल्बमवर, ‘द बिग कम अप’वर, त्याचं ‘डू द रम्प’ आहे. ‘थिकफ्रीकनेस’वर त्याचं ‘एव्हरीव्हेअर आय गो’ आहे. आणि हा दुसरा अल्बम फॅट पॉसमनेच काढला.

त्याच मुलखातला दुसरा मोठा कलाकार आर. एल. बर्नसाइड. तोही बटाईने शेती केलेला. नव्वदच्या दशकात तो दौऱ्यावर जायचा तो तिघांच्या संचाने: स्वतः बर्नसाइड, दुसऱ्या गिटारवर केनी ब्राउन आणि ड्रमवर नातू सेड्रिक. बास गिटार नाही. शिकागोतही हाउंड डॉग टेलर दोन गिटार आणि ड्रम एवढ्यावरच वाजवायचा. त्याची पहिली रेकॉर्ड काढण्यासाठी १९७१ मध्ये अ‍ॅलिगेटर हे लेबल सुरू झालं. म्हणजे बासशिवायचा ब्लूज ही २००० नंतर कोणाला सुचलेली युक्ती नव्हे. डेट्रॉइटचे व्हाइट स्ट्राइप्स तेव्हा नुकतेच गाजत होते आणि दोघांचा रॉक बँड म्हटलं की सगळे त्यांच्याशी तुलना करत. पण ब्लॅक कीजचं मूळ थेट टेकड्यांत आहे.

अ‍ॅक्रन

अ‍ॅक्रन ही टायरची नगरी. गुडरिच १८७० मध्ये तिथे सुरू झाली, गुडइयर १८९८ मध्ये, फायरस्टोन १९०० मध्ये, जनरल टायर १९१५ मध्ये. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टायरचं उत्पादन तिथून हललं. १९६० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ९० हजार होती, २००० मध्ये २ लाख १७ हजार. अशा शहरात घरभाडं कमी असतं. त्या प्रदेशात हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून घराचा पाया खोल घ्यावा लागतो आणि पाया खोल घेतला की तळघर मिळतं. शेजाऱ्यांना त्रास न होता ड्रम वाजवता येतील अशी जागा साध्या भाड्याच्या घरातही असते.

ऑअरबाख आणि कार्नी लहानपणापासून एकाच गल्लीतले. ऑअरबाखला आपल्या बँडचा डेमो, म्हणजे लेबलांना पाठवायचं नमुन्याचं रेकॉर्डिंग, करायचा होता आणि कार्नीकडे रेकॉर्डिंगचं सामान होतं. ठरल्या दिवशी बँडमधले बाकीचे आलेच नाहीत. हे दोघंच वाजवत बसले. त्यातून झालेला डेमो त्यांनी डझनभर लेबलांना पाठवला आणि लॉस एंजेलिसच्या अलाइव्ह या छोट्या लेबलने त्यांना प्रत्यक्ष वाजवताना न पाहताच करार केला. मार्च २००२ मध्ये क्लीव्हलँडच्या बीचलँड बॉलरूममध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. समोर जेमतेम आठ माणसं होती.

बास नाही, मग पोकळी का नाही?

बास गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. साध्या गिटारची जाड तार ८२. म्हणजे बास काढून टाकला तर खालचं अख्खं एक सप्तक रिकामं होतं. ते कसं भरायचं?

पहिलं उत्तर बोटांत आहे. ऑअरबाख प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, न धरता बोटांनी वाजवतो. अंगठा जाड तारेवर ठोका धरून असतो, बाकीची बोटं वरच्या तारांवर रिफ वाजवतात. एकाच हातातून दोन भाग निघतात. ही थेट टेकड्यांतल्या वादकांची पद्धत. त्यांतला एक, फ्रेड मॅकडॉवेल, एकटा वाजवायचा आणि ऐकणाऱ्याला दुसरं वाद्य हवंसं वाटत नसे, ते यामुळेच.

दुसरं उत्तर फझ. हे पायाने चालू-बंद करायचं छोटं पेडल. गिटारचा विद्युत संकेत त्यात इतका वाढवला जातो की लहरींचे शेंडे वरून छाटले जातात. गोलाई असलेली लहर जवळपास चौकोनी होते. अशा लहरीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बरेच उपस्वर तयार होतात. एकच स्वर वाजला तरी तो वरपर्यंत पसरून मोठी जागा व्यापतो. शिवाय दोन स्वर एकत्र फझमधून गेले की त्यांच्या कंपनांच्या फरकाइतका तिसरा, खालचा स्वरही उमटतो. समजा ८२ कंपनांचा स्वर आणि त्याच्या पंचमाचा १२३ चा स्वर एकत्र वाजवले, तर फरक ४१ चा. म्हणजे नेमका बासच्या जाड तारेचा स्वर. गिटारच्या दोनच तारांतून बासची चाहूल कशी येते, त्याचं हे गणित आहे. शीर्षकगीत मोठ्या आवाजात ऐकताना गिटार एका माणसाची वाटत नाही ती याच कारणाने.

तिसरं उत्तर ड्रमवाल्याचं. बास नसला की ड्रमने खालचं वजन सांभाळायचं असतं. कार्नी पायाचा मोठा ड्रम रिफच्या ठोक्यांवरच टाकतो. तो शिकून तयार झालेला वादक नव्हता आणि लय घड्याळासारखी काटेकोर ठेवत नव्हता. गिटार पुढे सरकली की तोही सरकतो. एका कॉर्डच्या संगीतात कॉर्ड बदलल्याने मिळणारी हालचाल नसते, त्यामुळे सगळी हालचाल लयीच्या या बारीक ओढाताणीतून येते. मशीनच्या ठोक्यावर वाजवलं असतं तर हीच गाणी मिनिटभरात कंटाळवाणी झाली असती.

टेपची रुंदी

रेकॉर्डिंगसाठी कार्नीकडे होतं टास्कॅम ३८८. ऐंशीच्या दशकातलं, आठ ट्रॅकचं टेप रेकॉर्डर. मिक्सर त्यातच बसवलेला. घरी किंवा छोट्या जागी काम करणाऱ्यांसाठी बनवलेलं यंत्र. २००२ मध्ये संगणकावर रेकॉर्ड करणं सर्रास सुरू झालं होतं, त्या तुलनेत हे यंत्र जुनाट होतं.

ट्रॅक म्हणजे काय, हे बघू. टेप ही प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर लोहचुंबकीय कणांचा थर. रेकॉर्डिंग हेड त्या कणांना आवाजाच्या चढउताराप्रमाणे चुंबकित करतं. एकाच पट्टीवर समांतर आठ गल्ल्या पाडल्या की आठ ट्रॅक झाले. प्रत्येक गल्लीत वेगळं वाद्य ठेवता येतं आणि नंतर त्यांचे आवाज कमी-जास्त करून मिसळता येतात.

मोठ्या स्टुडिओतल्या चोवीस ट्रॅकच्या यंत्राची टेप २ इंच रुंद असते. एका गल्लीला साधारण २ मिलिमीटर. टेप सेकंदाला १५ किंवा ३० इंच धावते. टास्कॅम ३८८ ची टेप पाव इंच रुंद, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि तिच्यात आठ गल्ल्या. एकेकीला पाऊण मिलिमीटरच्या आसपास जागा. वेग सेकंदाला साडेसात इंच. गल्ली अरुंद आणि वेग कमी म्हणजे आवाज साठवायला कण कमी, म्हणजे मागची सुरसुर जास्त आणि अगदी वरचे झणझणीत स्वर थोडे मंद. शेजारच्या गल्लीतला आवाजही किंचित पाझरतो.

या कमतरता ऐकताना वाईट वाटत नाहीत, त्याला भौतिक कारण आहे. टेपवर आवाज जोरात पाठवला की कण हळूहळू संपृक्त होतात. आणखी चुंबकित व्हायला जागा उरत नाही. मग लहरीचे शेंडे फझमध्ये कापले जातात तसे एकदम न कापता दाबले जातात. ड्रमच्या ठोक्याचं टोक बोथट होतं आणि त्याचा पुढचा घुमारा त्या मानाने मोठा ऐकू येतो. ठोका जाड वाटतो. डिजिटल यंत्रात मर्यादा ओलांडली की आवाज थेट फाटतो. टेप आधीपासूनच सांभाळून घेऊ लागते. ब्लॅक कीज स्वतः आपल्या रेकॉर्डिंगला ‘मीडियम फिडेलिटी’ म्हणायचे. हलकंही नाही, उच्चही नाही. मला हे वर्णन प्रामाणिक वाटतं.

आठच ट्रॅक असले की निर्णय आधी घ्यावे लागतात. ड्रमला तीन-चार दिले, गिटारला एक-दोन, आवाजाला एक, की संपलं. आणखी काही हवं असेल तर चार ट्रॅक एकत्र करून एकात ओतायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवं काही भरायचं. पण एकदा ओतलं की ते पुन्हा वेगळं होत नाही आणि प्रत्येक वेळी सुरसुर वाढते. दोघांच्या बँडला या हिशोबाचा जाच होत नाही. पाच जणांच्या बँडला झाला असता.

तळघराचाही वाटा आहे. छत ठेंगणं असेल तर आवाज वर जाऊन लगेच परत येतो, आणि छताच्या उंचीच्या दुप्पट लांबीची लहर त्या खोलीत घुमू लागते. समजा छत २.१ मीटर उंच आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, त्याला ४.२ ने भागलं की येतात ८२. म्हणजे अशा खोलीत गिटारची जाड तार छेडली की खोलीच तिला साथ देणार. कार्नीच्या तळघराची मापं वेगळी असतील, पण ठेंगण्या खोलीचा हा स्वभाव सगळीकडे सारखा. उपकरण कितीही महाग असलं तरी माइकमध्ये आधी खोली जाते. घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन: नवा माइक घेण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक खोलीत एक टाळी वाजवून ऐका.

शेवटचं गाणं, ‘आय क्राय अलोन’, हे सगळं समजून घ्यायला उत्तम आहे. फझ बंद, आवाज खाली. अल्बमभर ज्याच्या आड लपलेली असते ती खोली तिथे उघडी पडते.

पैसा

स्वतंत्र अल्बम म्हणजे सोनी, युनिव्हर्सल, वॉर्नर यांसारख्या मोठ्या कंपन्यांच्या व्यवस्थेबाहेर निघालेला अल्बम. तरी त्याच्यामागे बहुतेकदा लेबल असतंच. लेबल कलाकाराला उचल देतं. ही उचल म्हणजे बक्षीस नव्हे. विक्रीतून कलाकाराच्या वाट्याला येणाऱ्या रॉयल्टीतून ती आधी वळती होते आणि ती फिटेपर्यंत कलाकाराच्या हातात नवा पैसा येत नाही. मोठा स्टुडिओ घेतला, नामवंत प्रोड्युसर बोलावला की उचल मोठी आणि फेड लांब.

फॅट पॉसमकडून ब्लॅक कीजना मिळालेली उचल लहान होती आणि ती त्यांनी घरभाड्यात घातली. स्टुडिओला पैसे उरले नाहीत म्हणून तळघर आणि दिवसभर काम करून संपवायचं म्हणून चौदा तास. घरातलं सगळंच कामाला लागलं. कव्हरची जबाबदारी पॅट्रिकचा भाऊ मायकेल कार्नी याच्यावर होती. याच मायकेलला पुढे २०११ मध्ये ‘ब्रदर्स’ या अल्बमच्या वेष्टनरचनेसाठी ग्रॅमी मिळालं.

आता ज्यांची गाणी घेतली त्यांचं काय? एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं अमेरिकेत कोणीही पुन्हा रेकॉर्ड करू शकतो. १९०९ च्या कायद्यापासून ही सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे. मूळ रचनाकार नाही म्हणू शकत नाही, पण प्रत्येक विकल्या प्रतीमागे त्याला ठरलेली रक्कम द्यावी लागते. २००३ मध्ये पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला हा दर ८ सेंट होता. दहा हजार प्रती विकल्या तर एका गाण्यामागे ८०० डॉलर, आणि तेही रचनाकार आणि त्याचा प्रकाशक यांच्यात वाटून. रक्कम मोठी नाही. पण ती मिळण्यासाठी अल्बमवर रचनाकार म्हणून त्याचं नाव छापलेलं असावं लागतं.

ब्लूजच्या इतिहासात हे नाव छापणंच वारंवार टाळलं गेलं. लेड झेपेलिनसारख्या जगभर गाजलेल्या बँडवर ब्लूजचा गीतकार विली डिक्सन याला दावा लावावा लागला आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. जे कोर्टापर्यंत पोचले नाहीत त्यांची संख्या कोण मोजणार? काळ्या शेतमजुरांच्या संगीतावर गोऱ्या रॉक बँडांनी घरं बांधली, हा आरोप खोटा नाही आणि ब्लॅक कीजबद्दल लिहिताना तो टाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. त्यांच्या बाजूने एवढं म्हणता येतं की त्यांनी किंबरोचं नाव झाकलं नाही. पुढे २००६ मध्ये त्यांनी केवळ किंबरोच्या गाण्यांची ‘चुलाहोमा’ ही छोटी रेकॉर्ड काढली. तिच्या शेवटी किंबरोच्या पत्नीने फोनवर ठेवलेला निरोप आहे, गाणी आवडल्याचा. कित्येक तरुणांनी किंबरोचं नाव पहिल्यांदा या रेकॉर्डवर वाचलं. त्याने मूळ असमतोल मिटत नाही. किंबरोला साठीपर्यंत कोणी अल्बम करायला बोलावलं नाही आणि या दोघांना पहिल्या डेमोवर करार मिळाला, ही वस्तुस्थिती तशीच राहते.

‘थिकफ्रीकनेस’नंतरचा, २००४ चा अल्बम त्यांनी अ‍ॅक्रनमध्येच जनरल टायरच्या बंद पडलेल्या कारखान्यात रेकॉर्ड केला. त्यानंतर मोठे स्टुडिओ, मोठी लेबलं आणि मोठी प्रेक्षागृहं आली.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर एकाच गाण्यापासून करा: ‘डू द रम्प’. आधी किंबरोच्या ‘ऑल नाइट लाँग’मधलं ऐका. बास आणि ड्रम दोन्ही आहेत, पण कोणीच कोणाच्या पुढे धावत नाही. मग २००२ च्या ‘द बिग कम अप’मधलं. इथे बास गायब, त्याची जागा गिटारने घेतलेली. मग २०२१ च्या ‘डेल्टा क्रीम’मधलं, तिथे नावाचं स्पेलिंग ‘रोम्प’ आहे. नॅशव्हिलमधला ऑअरबाखचा स्वतःचा स्टुडिओ, हिल कंट्रीच्याच गाण्यांचा अख्खा अल्बम, आणि तोही दोन दुपारींत मिळून सुमारे दहा तासांत संपवलेला. दुसऱ्या गिटारवर बर्नसाइडचा साथीदार केनी ब्राउन, बासवर किंबरोसोबत वाजवलेला एरिक डीटन. हे तिसरं ऐकताना लक्ष बासवर ठेवा. डीटन कुठे वाजवतो आणि कुठे थांबतो हे कळलं, की २००२ मध्ये ऑअरबाखचा अंगठा एकट्याने काय सांभाळत होता ते स्वच्छ ऐकू येतं.